सरपंच निवडायचा आहे: सभा गाजवणारा पाहिजे की हिशोब सांगणारा?

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पानठेल्यावर पहिला प्रश्न हाच, कोण बरा बोलते? आमच्याकडं दोघं उभे आहेत, एकानं माइक धरला की पोरं शिट्ट्या मारतात, दुसरा हळू बोलते, पिशवीतून कागद काढते, तोवर अर्धे लोक उठून गेलेले असतात. ज्याचं अजून ठरलं नाही त्याच्यासाठी लिहून राह्यलो, कारण आपल्या विदर्भानं या दोन्ही तऱ्हेचे मोठे नेते पाह्यले आहेत.

सभा गाजवणारे म्हणजे जांबुवंतराव धोटे. यवतमाळचा माणूस, लोकांच्या मनातला राग त्यांच्या तोंडून निघायचा. विधानसभेत पेपरवेट भिरकावला म्हणून आमदारकी गेली, तर लोकांनी पोटनिवडणुकीत परत निवडून दिलं, आणि १९७१ मध्ये अख्ख्या देशात इंदिरा लाट असताना नागपुरातून फॉरवर्ड ब्लॉक पक्षाचा हा माणूस खासदार झाला, हे काही साधं काम नाही राजेहो. पण १९८० ला त्याच नागपुरातून ते इंदिरा काँग्रेसकडून निवडून आले, आणि ज्या वेगळ्या विदर्भासाठी लोक पेटून उठायचे तो आजही झाला नाही. अशा बोलण्यानं पाठिंबा लवकर जमते, पण तो त्या माणसावरच्या जिवापाड प्रेमाचा असते, कामाचा हिशोब कोणी मागत नाही.

हिशोब सांगणारे म्हणजे शेतकरी संघटनेचे शरद जोशी. ना वऱ्हाडी बोलणारे, ना इथले, स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आलेले. तरी वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरचा कापूसवाला त्यांच्यामागं गेला, काऊन? तर कापूस पिकवायला खर्च किती लागला, भाव किती भेटला, मधातला पैसा कुठं गेला, हे ते सभेत उलगडून सांगायचे. सरकार भाव मुद्दाम पाडते हे शाळा न शिकलेल्या बाईलेही समजायचं आणि ती घरी येऊन नवऱ्याले समजावून सांगायची. हा भरवसा लय टिकला, संघटनेचा लाल बिल्ला लावणारे म्हातारे अजून भेटतात. मतपेटीत मात्र तेवढं उतरलं नाही. राजुऱ्यातून वामनराव चटप आले तसे मोजकेच निवडून आले, कारण सभेला जोशी आणि मताला जात-पार्टी, असं कितीक गावांत झालं. मले याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटते.



पुसदचे वसंतराव नाईक मात्र या दोघांत बसत नाहीत. १९६५ च्या सुमारास अन्नाची टंचाई होती तेव्हा मुख्यमंत्री असताना जाहीर सभेत सांगितलं, दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. शब्द जोरदार होतेच, पण त्यात मुदत होती, म्हणजे लोकांले तपासता येत होतं.

आता आपल्या गावाचं. मोर्चा काढायचा असन, बोंडअळीची भरपाई अडली असन, तहसीलसमोर बसायचं असन, तर गाजवणाराच लागते, हळू बोलणाऱ्याले तिथं कोणी विचारत नाही. पण सरपंचाचं काम तसं नाही बावा. वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्चायचा, नळयोजनेचा ठेकेदार काऊन पळाला, घरकुलाच्या यादीत कोणाचं नाव आलं, हे त्याले वर्षातून किमान चार ग्रामसभांत लोकांसमोर सांगावं लागते, आणि १०० किंवा १५ टक्के, यातले जे कमी असन तेवढे मतदार आले नाही तर सभाच तहकूब होते. ज्याले समजावून सांगायची सवय नाही तो कोरम भरूच देत नाही, नंतर सह्या घरोघरी फिरतात.

म्हणून माझं मत पिशवीतून कागद काढणाऱ्या दुसऱ्याले. तुमचं ठरत नसन तर प्रचाराला दारात आल्यावर दोघांलेही एकच विचारा, ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर आपल्या गावाच्या कामांचा आराखडा टाकलेला असते, त्यातलं कोणतं काम अर्धवट आहे आणि तू ते कोणत्या महिन्यात पुरं करशीन. महिना सांगितला तर तिथंच चार लोकांसमोर वहीत लिहून घ्या.