प्रोटीन कमी की जास्त? आधी वय सांगा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दोन तट आहेत: ‘प्रोटीन आवरा, आयुष्य वाढेल’ म्हणणारे आणि शेकर हलवत फिरणारे.

पहिल्यांच्या बाजूने २०१४ चा एक अमेरिकी अभ्यास आहे. ५० ते ६५ वयात २० टक्के किंवा जास्त उष्मांक प्रोटीनमधून घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका कमी प्रोटीनवाल्यांपेक्षा ७५ टक्के जास्त दिसला. जास्त प्रोटीनने आयजीएफ-१ हे पेशींच्या वाढीला चालना देणारं संप्रेरक चढतं, हा तर्क. प्रोटीन वनस्पतींचं असेल तर धोका बराच ओसरतो. अर्थात हे निरीक्षण आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे.

गंमत पुढे आहे. ६५ नंतर त्याच अभ्यासात चित्र उलटं! स्नायू झिजू लागतात, बसची पायरी उंच वाटते. म्हणून ज्येष्ठांना वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन सुचवतात. ६० किलोच्या आजींना ६० ते ७२. चहा-खारी आणि पातळ वरण-भातावर ते कुठून व्हायचं? दोन अंड्यांत साधारण १२ ग्रॅम मिळतात.

माझं मत: पन्नाशीत मटकीची उसळ, सत्तरीत सोबत बांगडा किंवा अंडी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टर.