प्लाझ्मा टेबल : पाण्याचं की हवा खेचणारं?

साकीनाक्याच्या छोट्या गाळ्यात प्लाझ्मा टेबल, म्हणजे प्लाझ्माच्या झोताने धातूचा पत्रा कापायचं टेबल, बसवायचं असेल तर माझं मत पाण्याच्या, म्हणजे पत्र्याखाली पाणी भरलेल्या टेबलाला. 4 बाय 8 फुटांचा पत्रा मावेल एवढं टेबल ठेवलं की चालायला जेमतेम वाट उरते. धुरासकट हवा खेचणाऱ्या टेबलाचा ब्लोअर, डक्ट आणि फिल्टर मग ठेवणार कुठे? पाण्यात धूर आणि काळी पूड बरीचशी तिथल्या तिथे बसते, पातळ पत्राही कमी वाकतो.

त्रास आहे तो गंजाचा. जुलैत संध्याकाळी कापलेला एमएसचा (साध्या पोलादाचा) ब्रॅकेट टेबलावरच राहिला, तर सकाळी बोट फिरवल्यावर तांबूस पूड लागते. म्हणून पाण्यात गंजरोधक घाला, माल लगेच पुसून घ्या. गाळही वेळेवर उपसा, नाहीतर पाणी कुबट होतं.

काम मुख्यतः अॅल्युमिनियमचं असेल तर मात्र कोरडं, म्हणजे हवा खेचणारं टेबलच घ्या. पाण्यात पडलेल्या अॅल्युमिनियमच्या गाळातून हायड्रोजन सुटतो, पत्र्याखाली साठतो आणि ठिणगीने स्फोट होऊ शकतो. तिथे जागेची सबब चालणार नाही.

आणि हो, टेबल कुठलंही घ्या, कॉम्प्रेसरला एअर ड्रायर लावाच. दमट हवेने कापणाऱ्या टॉर्चचे नोझल आणि इलेक्ट्रोड लवकर जातात.