घाटाजवळच्या जुन्या लॉजमधला फ्लॅट घ्यावा का तरोड्याकडचा नवा?

मावसभावाला नांदेडात फ्लॅट घ्यायचाय. एक नदीकाठी, दुसरा तरोड्याकडं नव्या स्कीममधला, रेट जवळपास सारखाच, म्हणून त्याच्यासोबत जाऊन दोन्ही बघून आलो.

नदीकाठची बिल्डिंग म्हणजे आधीचा लॉज. 2008 ला गुरु-ता-गद्दीचा (गुरु ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याचा) 300 वर्षांचा सोहळा होता, तेव्हा शहरात रस्ते झाले, घाट झाले आन जागा असणाऱ्यांनी लॉज काढले, हा त्यातलाच. पुढं गर्दी सणावारापुरतीच राहिली, मालकानं विकून टाकला, घेणाऱ्यानं दोन-दोन खोल्या जोडून वन बीएचके केले, खालच्या जेवणाच्या हॉलचं पार्किंग झालं. बाल्कनीतून गोदावरी दिसते, भाऊ तिथंच पाघळला.

पण लॉज तो लॉजच. मधून लांब बोळ, दोन्हीकडं खोल्या, त्यामुळं हवा एकाच बाजूनं, आन नांदेडचा मे महिना तर विचारूच नका. बाथरूम दोन आयतेच मिळतात, ओटा मात्र कपाटाच्या जागी बसवलाय आन सिंकचं पाणी ओढूनताणून बाथरूमच्या पाइपात सोडलंय. मी ओट्याखाली हात घातला तर ओल!

कागदाचं तर वेगळंच. मंजुरी लॉजची, म्हणजे कमर्शियल, तिथं घरं करायची तर वापर बदलल्याची महापालिकेची परवानगी आन नवं भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरता येते असा दाखला) पाहिजे. एजंट म्हणतो, होऊन जाईल. होईल तेव्हा होईल, तोवर लोनचं कोण बघणार? आन पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ती नकाशावरची रेषा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. वरच्या विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की इथं नदी चढते. वॉचमननं पार्किंगच्या भिंतीवरचा डाग दाखवला, माझ्या कमरेएवढा.

तरोड्याकडं बघायला काहीच नाही, समोर पत्र्याचं शेड. पण महारेराचा (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबर आहे, भाव कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवर सांगतात, खिडक्या दोन बाजूंनी, लिफ्ट मोठी (लॉजमधली तीन माणसांत फुल्ल, मावशीचे तर गुडघे गेलेत). काम चालू असल्यानं जीएसटी लागतो, 45 लाखांच्या आतल्या छोट्या घराला 1 टक्का, नाहीतर 5. ताबा मात्र उशिरा.

माझं मत तरोडा. लॉजच घ्यायचा तर भोगवटा आन पूररेषेचा दाखला हातात पडल्याशिवाय टोकन देऊ नको, असं भावाला सांगितलंय. तो म्हणतो, तू एकदा संध्याकाळी बाल्कनीत उभा राहून बघ.