टेपर की रोल? ९ मिमी आणि .३५७ साठी क्रिम्पची निवड

हाताने काडतुसं भरायला शिकणाऱ्याची गाडी बहुतेक वेळा शेवटच्या डायपाशी, म्हणजे प्रेस यंत्रात बसवायच्या शेवटच्या साच्यापाशी, अडते. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, पुन्हा मापात आणणं, तिचं तोंड किंचित फाकवणं, दारू ओतणं, बुलेट बसवणं, इथवर सगळं सरळ चालतं. मग क्रिम्प येतो, म्हणजे पुंगळीचं तोंड बुलेटवर दाबून बंद करणं, आणि रेंजवर ज्याला विचाराल तो वेगळं सांगतो. इथे टेक्सासमधल्या माझ्या एका मित्राकडे ९ मिमीचं पिस्तूल आहे आणि .३५७ मॅग्नमचं हलकं रिव्हॉल्व्हर. दोन्हींना एकच डाय चालेल का, असं तो विचारत होता. चालणार नाही.

त्याला मी उलट एकच प्रश्न विचारला: काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीत ते बसतं त्या पोकळीत, कशाला टेकून थांबतं?

९ मिमी, .३८० ऑटो, .४० एस अँड डब्ल्यू आणि .४५ एसीपी ही पुंगळीच्या तोंडावर थांबतात. चेंबरच्या पुढच्या टोकाला बारीक पायरी असते, तोंडाची कड तिला टेकते. ही कड आत वळवली तर टेकायला काही उरत नाही आणि काडतूस हवं त्याहून पुढे सरकतं. म्हणून इथे टेपर, म्हणजे कड आत न वळवता तोंड नुसतं दाबून सरळ करणं. .३८ स्पेशल, .३५७ आणि .४४ मॅग्नम यांना बुडाशी रिम, म्हणजे बाहेर आलेली कड, असते, काडतूस तिच्यावर थांबतं. तोंड मोकळं राहतं, ते बुलेटच्या खाचेत वळवता येतं. हा रोल.

टेपर क्रिम्पबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे तो बुलेट धरून ठेवतो. बुलेटला धरतं ते पुंगळीच्या भिंतीचं ताणलेलं पितळ. टेपर फक्त फाकवलेलं तोंड पुन्हा सरळ करतो. हिशोब साधा आहे: ९ मिमीची बुलेट ०.३५५ इंच, दोन्ही बाजूंची भिंत प्रत्येकी साधारण ०.०११ इंच, म्हणजे तोंडाशी ०.३७७. सामीच्या, म्हणजे काडतुसांची मापं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या, मानकात कमाल ०.३८० आहे. मी ०.३७७ ते ०.३७८ वर थांबतो, .४५ एसीपीला ०.४७० ते ०.४७१ वर.

सुरुवातीला मीही "जरा आणखी घट्ट" करत गेलो होतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या बुलेट होत्या, आणि पंधरा यार्डांवरच्या कागदाला गोल भोकांऐवजी लांबट, आडवी भोकं पडायला लागली. घरी येऊन उरलेलं एक काडतूस बुलेट काढायच्या खास हातोडीने (इनर्शिया पुलरने) उघडलं. बुलेटभोवती सुरीने कापल्यासारखी रेघ होती आणि रेघेत तांब्याखालचं करडं शिसं दिसत होतं. त्यातून दुसरं नुकसान झालं होतं ते त्याहून वाईट. दाबलेलं पितळ थोडं मागे उसळतं, दाबलेलं शिसं उसळत नाही. त्यामुळे जास्त क्रिम्प केलेली बुलेट उलट सैल होते. पिस्तुलात फीड रॅम्पवर, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये नेणाऱ्या उतारावर, नाक आपटून अशी बुलेट पुंगळीत आत ढकलली गेली की दाब धोकादायक वाढतो.

म्हणून काडतुसाची लांबी मोजा, बुलेटचं नाक टेबलाच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबा, पुन्हा मोजा. लांबी घटली तर क्रिम्प आवळू नका. दोष एक्स्पांडरमध्ये (तोंड फाकवणारा भाग) किंवा सायझिंग डायच्या (पुंगळी मापात आणणारा) सेटिंगमध्ये शोधा. मग पिस्तुलाची नळी काढून काडतूस चेंबरमध्ये सोडा. ते आपल्या वजनाने टक् करून बसलं पाहिजे आणि बोटाने सहज फिरलं पाहिजे.

रिव्हॉल्व्हरमध्ये संकट उलट्या दिशेने येतं. धक्क्याने बंदूक मागे जाते, पण सिलिंडरमधल्या बाकी काडतुसांच्या बुलेट जडत्वाने जागीच राहू पाहतात आणि पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की सिलिंडर फिरतच नाही. बंदूक जितकी हलकी तितका हा त्रास जास्त. शिवाय डब्ल्यू-२९६ किंवा एच-११० सारख्या संथ जळणाऱ्या दारूला नीट पेटायला घट्ट पकड लागते. इथे भक्कम रोल क्रिम्पला पर्याय नाही. पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चार झाडा, पाचवं काडतूस काढून लांबी मोजा. वाढली असेल तर क्रिम्प कमी पडतोय.

रोलची किंमत मात्र वेळेत मोजावी लागते. डाय एकाच उंचीवर असतो, त्यामुळे लांब पुंगळीला क्रिम्प जास्त बसतो आणि आखूड पुंगळीला जेमतेम. .३५७ च्या पुंगळीची कमाल लांबी १.२९० इंच. सगळ्या एका मापाच्या छाटा, निदान एकाच कारखान्याच्या वेगळ्या काढा. बुलेटला खाचही हवी. गुळगुळीत मुलाम्याच्या बुलेटवर रोल म्हणजे पुन्हा तीच करडी रेघ. .३८ स्पेशलच्या सौम्य सरावी काडतुसांना हलका टेपर पुरतो.

.४५ चं उदाहरण मला फार आवडतं. पहिल्या महायुद्धात पिस्तुलं पुरेनात म्हणून अमेरिकी सैन्याने .४५ एसीपी झाडणारी १९१७ ची रिव्हॉल्व्हर घेतली; एसीपीला बाहेर आलेली रिम नसल्याने अर्धचंद्राकृती क्लिपांसह. १९२० मध्ये पीटर्स कंपनीने त्यांच्यासाठी रिमवालं .४५ ऑटो रिम आणलं. त्या पुंगळीला रोल चालतो, एसीपीला टेपर.

लीचा कार्बाइड फॅक्टरी क्रिम्प डाय बरेचजण डोळे मिटून घेतात. भरलेलं काडतूस त्याच्या कार्बाइड कड्यातून जातं, त्यामुळे फुगीर काडतुसंही चेंबरमध्ये बसतात. जॅकेटवाल्या, म्हणजे शिशावर धातूचं आवरण असलेल्या, बुलेटसाठी ठीक. पण ओतीव शिशाच्या, जरा जाड बुलेट तो आतल्या आत बारीक करतो आणि मग नळीत शिशाचे थर साचतात. तशा बुलेट वापरणार असाल तर मी तो घेऊ नका असंच म्हणेन. रेडिंगच्या प्रोफाइल क्रिम्प डायमध्ये आधी टेपर आणि शेवटी रोल होतो, मॅग्नमसाठी मला तो पटतो.

बुलेट बसवणं आणि क्रिम्प एकाच डायमध्ये उरकता येतं. पण बुलेट अजून खाली जात असतानाच तोंड मिटायला लागतं, आणि शिशाची कुरळी साल कडेला गोळा होते. एका वेळी एकच डाय बसणाऱ्या सिंगल स्टेज प्रेसवर वेगळ्या डायसाठी दर काडतुसामागे एक दांडा जास्त ओढावा लागतो. ९ मिमीला एकत्र चालून जातं. .३५७ ला तो जास्तीचा दांडा ओढाच.

मित्राला मी सांगितलं ते असं: ९ मिमीसाठी संचात येतो तो साधा टेपर, .३५७ साठी मात्र वेगळा क्रिम्प डाय घे. आणि दोन्हींचं प्रायमर आणि दारू नसलेलं एकेक नमुना काडतूस बनव. डाय त्याला टेकेपर्यंत फिरव, मग एकेक अष्टमांश फेरा देत तोंड मोजत जा. माप बसलं की तो नमुना त्याच डायच्या डबीत ठेव, पुढच्या वेळी त्यावरूनच डाय लाव.