मळ्यातली अवजारं ठेवायला: पत्र्याची शेड, ब्लॉकची खोली की जुना कंटेनर?

नाशिककडच्या द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी उरकली की पाऊस पडेपर्यंत थोडे दिवस हाताशी असतात. अवजारांसाठी काही उभं करायचं तर तेवढ्यातच. दहा बाय आठ फुटांची जागा धरून बोलू. बॅटरीचे पंप, कात्र्या, फावडी, ठिबकचे जोड आणि केबलची वेटोळी एवढ्यात मावतात. फवारणीचा ब्लोअर आणि ट्रॅक्टरचा विषय वेगळा.

कंटेनर आधी निकाली काढू. वीस फुटी कंटेनर रिकामाच दोन टनांच्या वर भरतो. आणायला ट्रेलर, उतरवायला क्रेन, आणि त्या दोन्हींना पेलेल असा रस्ता. शिवाररस्त्याला वळण असेल किंवा वर विजेच्या तारा लोंबत असतील, तर विचारच सोडा. चोराला फोडायला मात्र तिन्हींत हाच अवघड. मे महिन्यात आत उभं राहवत नाही. जमीन कराराने केली असेल तर याला अर्थ आहे, कारण मुदत संपली की उचलून नेता येतो.

सिमेंटच्या ब्लॉकची खोली सगळ्यांत थंड आणि सगळ्यांत टिकाऊ, पण निफाड भागातली काळी माती तिला सुखाने राहू देत नाही. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. पाया उथळ ठेवला की भिंतीला तिरकी चीर गेलीच म्हणून समजा. काळी माती उकरून मुरूम दाबून भरायचा, वर प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरचा सळई-काँक्रीटचा पट्टा) घालायचा, मग भिंती. पाणी मारायला किमान आठवडा हवाच. गवंडी वेळेवर आला तरी महिना धरून चाला. घाई असेल तर हा पर्याय बाद. बागेचा तुकडा महापालिका हद्दीत असेल तर आधी परवानगीची चौकशी करा, आणि पत्र्याची शेड त्यातून आपोआप सुटते असंही धरू नका.

उरली पत्र्याची शेड. खड्डे घेऊन चौकोनी पाइपचे खांब काँक्रीटमध्ये रोवले आणि सांगाडा नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून कापून आणला, तर आठवड्याच्या आत दाराला कुलूप लागतं. खर्चही सहसा तिन्हींत कमी. दुखणं सुरक्षिततेचं आहे. लोक कुलूप भारीतलं आणतात आणि कोयंडा स्क्रूने बसवतात. चोर कुलपाला हातही लावत नाही. कोयंडा वेल्ड करून घ्या, बिजागरीची पिन बाहेरून ठोकून निघणार नाही हे बघा. त्याहून मोठी फट पत्र्यातच असते: त्याचे षटकोनी स्क्रू बाहेरूनच साध्या पान्याने सुटतात. म्हणून सांगाड्याला आतून वेल्डमेश जाळी वेल्डिंगचे टाके मारून घ्यायची. पत्रा काढला तरी पुढे जाळी. हा जादा खर्च टाळायचा असेल तर मोटरची केबल शेडमध्ये ठेवूच नका.

वळवाचा वारा छप्पर खालून उचलतो. स्क्रू रबरी वॉशरसह पत्र्याच्या उंचवट्यावर, कडेच्या ओळीत जवळजवळ. दहा फुटांना एक फूट उतार, आणि तो दाराच्या उलट बाजूला. इगतपुरी-त्र्यंबककडे पाऊस कितीतरी जास्त, तिथे उतार वाढवा आणि जमीन फूटभर उचलून घ्या. दोन समोरासमोरच्या भिंतींना वरच्या बाजूला जाळीचे झरोके हवेतच, नाहीतर पंपांच्या बॅटऱ्या उन्हाळ्यात लवकर जातात.

माझं मत: स्वतःची जमीन आणि हाताशी वेळ असेल तर ब्लॉक, बाकी सगळ्यांना जाळी लावलेला पत्रा.

एक गोष्ट तिन्हींना लागू. मोरचूद लोखंड खातो, आणि बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या) दिवसांत तो सगळीकडे सांडतो. त्याला झाकणाचा प्लॅस्टिकचा ड्रम, तोही फळीवर. गंधकाची भुकटी पेट घेते, त्यामुळे पेट्रोलचा कॅन तिच्याशेजारी नको. औषधांना आत वेगळं कुलपाचं कपाट करा, कारण अवजारं घ्यायला मजुरांची पोरंही आत येतात.