प्राचीन ग्रीसमधली खासगी देवमंडळं: नाव कुठे घालावं?

ग्रीक देवधर्म म्हटलं की पार्थेनॉन, डेल्फी, ऑलिंपिया ही मोठी देवस्थानं आठवतात. त्यांच्या जोडीला शहरोशहरी खासगी मंडळंही होती. थोडी माणसं जमायची, एक देव धरायची, वर्गणी काढायची, बळी देऊन पंगत करायची आणि आपली नियमावली दगडावर कोरून घ्यायची. ते दगड टिकले म्हणून आज ही तुलना शक्य आहे.

समजा, यातल्या एखाद्या मंडळात शिरायचं आहे. चार मंडळं इथे घेतली आहेत. ती एका शतकातली नाहीत, तेव्हा नाणी आणि भाव एकमेकांशी थेट लावू नका. माझा निकष असा: देव कोणता हे नंतर पाहावं, आधी पाहावं की आत कोणाला घेतात आणि भांडण झालं की काय करतात.

सगळ्यात सोपं काम अथेन्सच्या पिरेयस बंदरातल्या बेंडिसच्या मंडळाचं. बेंडिस मूळची थ्रेसची, म्हणजे ग्रीसच्या उत्तरेकडच्या मुलखाची देवी. तिथे तिची दोन मंडळं होती, एक थ्रेसहून आलेल्यांचं आणि एक अथेन्सच्या नागरिकांचं. परक्या माणसाला अथेन्समध्ये जमीन घ्यायला नगराची खास परवानगी लागे. थ्रेसवाल्यांना ती मिळाली होती, आणि सगळ्या परक्या समाजांत ती फक्त आपल्यालाच मिळाली हे त्यांनी ठरावात ठासून लिहिलंय. नागरिकांच्या मंडळाची इ.स.पू. चौथ्या शतकातली नियमावली म्हणजे चोख हिशेब. वर्षाच्या बळीसाठी प्रत्येकी 2 द्राख्मा, तेही थार्गेलिओन महिन्याच्या 16 तारखेच्या आत. घराचं भाडं आणि पाण्याचे पैसे देवळाच्या डागडुजीलाच लावायचे. सभासदाने बळी दिला तर शुल्क माफ. बाहेरच्याने पूर्ण वाढलेलं जनावर आणलं तर 3 ओबोल (म्हणजे अर्धा द्राख्मा), वर कातडं आणि उजवी मांडी पुजाऱ्याला किंवा पुजारणीला. जिमखान्यात सभासदाला एक दर आणि पाहुण्याला दुसरा, तसलाच प्रकार. सभासद वाढावेत अशी त्यांची उघड इच्छा होती: ठरलेली रक्कम भरा, छाननीतून पार पडा, तुमचं नाव दगडावर.

अथेन्सच्या इओबाखोई मंडळाचं सगळं याच्या उलट. हे दारूचा देव डायोनिसस याचे भक्त, काळ रोमन, लेख साधारण इ.स. 164–165 चा. अ‍ॅक्रोपोलिसच्या पश्चिमेला 1894 मध्ये त्यांची बैठकीची इमारत खणून काढली, तिथल्याच एका खांबावर हे नियम आहेत. आत यायचं तर आधी पुजाऱ्याकडे नाव नोंदवायचं, मग सभासदांचं मतदान. प्रवेशशुल्क 50 दिनार, सभासदाच्या मुलाला निम्मं. बायबलमधल्या द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात मजुराला दिवसाचा एक दिनार मिळतो, त्यावरून अंदाज करा. शिवाय दर महिन्याला दारूची वर्गणी. ती थकली की बैठकीला प्रवेश बंद.

एवढे पैसे भरून धिंगाणा घालायला मिळेल असं वाटत असेल तर विसरा. दारूच्या देवाच्या या मंडळात गाणं, गोंगाट, टाळ्या यांना बंदी. ज्याने त्याने आपल्याला नेमून दिलेलं शांतपणे म्हणायचं आणि करायचं. शिस्त राखायला एक अधिकारी असे. कोणी बेताल झाला की तो देवाची काठी, म्हणजे थिर्सोस, त्याच्या शेजारी नेऊन ठेवी. ज्याच्याजवळ काठी, त्याने मुकाट्याने दालनाबाहेर जायचं. नाहीच गेला, तर त्याला बाहेर काढायला नेमलेले लोक होते, त्यांना ‘घोडे’ म्हणत. हे वाचून मला हसू आवरलं नाही.

मारामारी झाली तर मार खाल्लेल्याने पुजाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. सभा भरते, मत पडतं, मारणाऱ्याला ठरेल तितके दिवस बंदी आणि 25 दिनार दंड. मात्र मार खाल्लेला मंडळाला डावलून सरकारी न्यायालयात गेला, तर त्यालाही तीच शिक्षा. घरातलं घरातच मिटवायचं, हा त्यांचा खाक्या. एखादा सभासद वारला की 5 दिनारांपर्यंतचा हार आणि अंत्ययात्रेला आलेल्यांसाठी एक घागर दारू. आला नाही त्याला थेंबही नाही. अशा सोयीसाठी माणसं पैसे मोजत असणार. प्रतिष्ठाही होतीच: नवा पुजारी हेरोदेस म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते अथेन्सचा गडगंज श्रीमंत हेरोदेस अ‍ॅटिकस. त्याच्यासाठी जागा सोडणारा निकोमाखोस 17 वर्षं उपपुजारी आणि 23 वर्षं पुजारी होता. नव्या माणसाला वर यायला किती वाव, ते कळतं.

डेलोस या ग्रीक बेटावरचे बैरूतचे पोसिदोनियास्त, म्हणजे समुद्रदेव पोसायडनचे भक्त, हे व्यापारी, जहाजवाले आणि वखारवाले लोक. तुम्ही बैरूतचे नसाल तर फार वेळ घालवू नका. पैशाला मात्र तिथे दार उघडं होतं. मार्कुस मिनातियुस या रोमन सावकाराने इमारतीसाठी 7,000 द्राख्मा दिले, येणं असलेलं व्याजही सोडलं, आणि इ.स.पू. 153 च्या सुमारास मंडळाने त्याला आपल्याच वास्तूत पुतळ्याचा मान दिला.

उरलं आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) लिडियातल्या फिलाडेल्फियाचं, डायोनिसिओस नावाच्या माणसाचं घर, काळ इ.स.पू. 100 च्या आसपास. देवांचा राजा झ्यूस याने त्याला स्वप्नात आज्ञा दिली, म्हणून पुरुष आणि बायका, स्वतंत्र आणि गुलाम, सगळ्यांना प्रवेश. उरलेल्या मजकुरात वर्गणीचा आकडा नाही, शपथ मात्र लांबलचक आहे. कोणावर विषप्रयोग करणार नाही, जादूटोणा करणार नाही, गर्भ पाडण्याचं औषध देणार नाही. पुरुषाने दुसऱ्याच्या बायकोकडे जायचं नाही, मग ती गुलाम का असेना. दर महिन्याच्या आणि वर्षाच्या बळीच्या वेळी नियम पाळणाऱ्यांनी नियम कोरलेल्या दगडाला हात लावायचा. बाईने शपथ मोडली तर देवाचा कोप किती भयंकर, हे जास्त तपशिलाने सांगितलंय. समान प्रवेशाचा अर्थ समान वागणूक नव्हता.

तर, गाठीला पैसा, ओळखीपाळखी आणि जिभेवर ताबा असलेल्या पुरुषाने इओबाखोईकडे अर्ज करावा. तापट माणसाने मुळीच नको, 25 दिनार तिथेच जातील. बेताचं उत्पन्न असलेल्या अथेन्सच्या नागरिकाला बेंडिस परवडेल, आणि पिरेयसमधल्या थ्रेसच्या माणसाला आपल्या गावची भाषा बोलणारे लोक तिथेच भेटतील. बाई असाल किंवा गुलाम, तर या चारांपैकी तुमच्यासाठी दार उघडं असल्याचं स्वच्छ लिहून ठेवलंय ते फक्त डायोनिसिओसच्या घराने. शपथ पूर्ण वाचून मगच हात लावा.