पीएलसीवरून थेट लेबल प्रिंटर : नऊ महिने वापरल्यानंतर

मृगाच्या तोंडावर बसवलं, आता शिमगा झाला. बेळगावचा पूर्ण पावसाळा आणि दिवाळीआधीची घाई त्यावरून गेली, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

उद्यमबागेत आमचं लहान युनिट आहे. फाउंड्रीतून पंपाची कास्टिंग येतात. आम्ही मशीनिंग करतो, लीक टेस्ट घेतो आणि पेटीत भरून पाठवतो. लीक टेस्टच्या मशीनवर सीमेन्सचा एस७-१२०० पीएलसी आहे, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर. पूर्वी शेजारी कॉम्प्युटर ठेवलेला असायचा. टेस्ट झाली की पॅकिंगवरच्या अक्का त्यावर पार्ट नंबर निवडून लेबल काढायच्या. एकदा टेस्टमध्ये फेल झालेल्या जॉबवर, म्हणजे कास्टिंगवर, चांगलं लेबल लागून तो पुण्याला गेला आणि परत आला. यात अक्कांची काही चूक नव्हती. दिवसाला शेकडो जॉब हातांखालून जातात, डोळा कुठंतरी चुकणारच. टेस्टचा निकाल पीएलसीला माहीत असतो, तर लेबलही त्यानंच काढायचं, असं त्या दिवशी ठरवलं.

प्रिंटर रिबनवाला घेतला, झेडपीएल ही लेबल छापायच्या आज्ञांची भाषा समजणारा, २०३ डीपीआय, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. लॅन केबल लावली, पीएलसीतून टीसीपीनं, म्हणजे नेटवर्कवर डेटा पोचवायच्या नेहमीच्या पद्धतीनं, प्रिंटरच्या ९१०० पोर्टला जोडणी केली. ड्रायव्हर लागत नाही, मधे विंडोज नाही. लेबलचा आराखडा प्रिंटरच्या मेमरीत एकदाच साठवून ठेवला. पीएलसी फक्त पार्ट नंबर, सिरीयल नंबर, तारीख आणि पाळी पाठवतो. हे सगळ्यांनी असंच करावं असं मी सांगेन. लेबलवरची एखादी ओळ सरकवायची असेल तर पीएलसीच्या प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही.

पहिले दोन दिवस मात्र एकही लेबल निघालं नाही. प्रिंटरवरचा डेटाचा दिवा लुकलुकायचा आणि कागद जागचा हलायचा नाही. शेवटी लॅपटॉपवर पोर्ट उघडून पीएलसी नेमकं काय पाठवतो ते एकेक बाइट करून बघितलं. या पीएलसीत स्ट्रिंगच्या, म्हणजे अक्षरांच्या साठवलेल्या ओळीच्या, सुरुवातीला दोन बाइट असतात, एकात जास्तीत जास्त लांबी आणि दुसऱ्यात सध्याची लांबी. मी स्ट्रिंग आहे तशी पाठवत होतो आणि लांबी मात्र फक्त अक्षरांची देत होतो. पुढं दोन बाइट जास्तीचे जात होते, म्हणून मागची दोन अक्षरं गळत होती. ती दोन अक्षरं म्हणजे नेमकी 'एक्सझेड', लेबल संपल्याची खूण. ती येत नाही तोवर प्रिंटर छापणार कसा? मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. अक्षरं वेगळ्या बाइटच्या रांगेत उतरवून ती रांग पाठवली आणि पहिलं लेबल बाहेर आलं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. लेबल पाठवणं सोपं आहे. ते बाहेर आलं की नाही हे पीएलसीला कळणं अवघड. टीसीपीनं 'पोचलं' म्हटलं म्हणजे प्रिंटरच्या मेमरीत पोचलं, कागदावर नाही. ऑगस्टमध्ये एका दुपारी अक्का दोन लेबलं घेऊन आल्या. "एकाच नंबरची दोन आल्यात बघा की ओ. कुठलं लावू?" रोल संपला होता. पीएलसीनं पाच सेकंद वाट बघून तेच लेबल पुन्हा पाठवलं. नवा रोल घातल्यावर प्रिंटरनं मेमरीतली दोन्ही छापली. सिरीयल नंबरवर माल शोधायचा असेल तर असं दुसरं लेबल म्हणजे पुढं मोठं भांडण. त्या रात्री मी प्रोग्रॅमचा हा भाग नव्यानं लिहिला.

आता प्रत्येक लेबलाआधी पीएलसी प्रिंटरची स्थिती विचारतो. टिल्ड एचएस (~HS) ही आज्ञा पाठवली की तीन ओळींचं उत्तर येतं. कागद संपला का, हेड उघडं आहे का, रिबन संपली का, सगळं त्यात असतं. काही बिघडलं असेल तर लेबल पाठवायचंच नाही, पिवळा दिवा लावायचा. लेबल जिथून बाहेर येतं तिथं मी एक साधा फोटो सेन्सर बसवून त्याची वायर पीएलसीच्या इनपुटला दिली. सेन्सरनं लेबल बघितलं तरच सिरीयल नंबर एकानं पुढं जातो. नाही बघितलं तर पीएलसी आपणहून पुन्हा पाठवत नाही. अक्का बटण दाबतात, आधी प्रिंटरची मेमरी रिकामी होते आणि मग लेबल येतं. तेव्हापासून एकही नंबर दोनदा आलेला नाही.

लाईट जाऊन आली की वेगळी अडचण. पीएलसी यूपीएसवर आहे, प्रिंटर नव्हता. प्रिंटर बंद होऊन चालू झाला तरी पीएलसीच्या लेखी जुनी जोडणी तशीच जिवंत. उत्तर तीन सेकंदांत आलं नाही तर जोडणी तोडून नवी करायची, एवढं घातल्यावर ते सुटलं. नंतर प्रिंटरही यूपीएसवर घेतला.

लेबलच्या कागदात मी कंजुषी केली होती. साधा कागद आणि वॅक्स रिबन. गंज लागू नये म्हणून जॉबला तेल असतं, त्यात पावसाळ्याची ओल. कडा सुटायच्या आणि बोट फिरवलं की बारकोड पुसायचा. आता पॉलिस्टरचं लेबल आणि रेझिन रिबन वापरतो, आणि लेबलची जागा कापडानं पुसूनच लावतो. महाग पडतं, पण फरक हातात कळतो.

एक गोष्ट मला मनापासून आवडली. आमच्याकडं पॅकिंगवर निम्म्या जणी मराठी वाचतात, निम्म्या कन्नड. प्रिंटरमधल्या फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या नव्हत्या, म्हणून 'तपासलं' हा शब्द दोन्ही भाषांत चित्र करून प्रिंटरमध्ये साठवला. आता बाराशेंचा ढीग असला तरी कुणी कुणाला विचारत नाही.

एक काम राहिलंय. लागलेलं लेबल पेटी बंद करण्याआधी स्कॅनरनं वाचून पीएलसीतल्या नंबराशी ताडून बघायचं आहे. स्कॅनर आलाय, पाडव्याच्या सुट्टीत पॅनेल उघडतो.